गुलाबबाईचा सहावा भाग

मे संपत आला की आमच्याकडे कृषी केंद्रांच्या पायऱ्यांवर तांबड्या बोटांची माणसं दिसायला लागतात. सरकीला औषध चोळलेलं असतं, त्याचा तो रंग. पाकीट घरी नेईपर्यंत कुणाला धीर धरवत नाही. पायरीवरच ते फोडतात, चार बिया तळहातावर घेतात आणि त्यांना काही विचारायचं असावं अशा नजरेनं बघत राहतात. मग त्याच बोटांनी चहाचा कप धरतात. बुलढाण्याच्या बाजारातून या दिवसांत चालताना मला कपाकपांवर ते तांबडे ठसे दिसतात आणि एक जुना उन्हाळा आठवतो. तो मला आठवायला नको असतो, ही गोष्ट वेगळी.

यंदा त्यात एका मुलीच्या फोनची भर पडली. बोलण्यावरून पुण्याची. ज्या संस्थेसाठी मी फार वर्षांपूर्वी एक मालिका लिहिली होती, त्या संस्थेत ती नव्यानं लागली होती.

"सर, आपली ती ॲनिमेटेड सिरीज आम्ही मोबाइलवर आणतोय. नवीन लोकांना ओळख म्हणून आधी एकच भाग टाकायचाय. तुमच्या मते बेस्ट कोणता?"

"सहावा."

"मी पाहिला तो. थोडा स्लो आहे ना?"

"आहे."

"आणि त्यात कुणी मरतपण नाही."

"नाही."

"मग मी पहिलाच टाकते, सर. तो खूप क्यूट आहे."

"टाका," मी म्हणालो.

तिचा राग आला नाही. माणूस सल्ला विचारतो तेव्हा त्याचा निर्णय बहुतेक झालेलाच असतो, त्याला फक्त एक वयस्कर साक्षीदार हवा असतो. शिवाय तिनं जे केलं तेच मी केलं होतं. तिनं एका बोटानं केलं, मी पाचपन्नास माणसांसमोर, प्रोजेक्टर लावून.

अळीला मारणारं विष झाडातच असलेली बीटी कपाशी येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. फवाऱ्याचे पंप कोपऱ्यात जाऊन बसले होते. अळी मेली, आता कायमची मेली, अशा आनंदात सगळा जिल्हा होता. अशा वेळी या संस्थेला वाटलं की शेतकऱ्याला शास्त्र समजावून सांगावं, आणि तेही कार्टूनमधून. मालिकेचं नाव 'पऱ्हाटीच्या पोटात', पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशीचं झाड. दहा भाग, प्रत्येक आठ मिनिटांचा. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो, मला सुट्टी होती आणि वऱ्हाडी लिहिता येत होती, म्हणून संवाद माझ्याकडे आले. प्रकल्पाचे प्रमुख पुण्याहून यायचे, त्यांना सगळे साहेब म्हणत. पहिली संहिता वाचून साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "भाषा जरा गावठी नाही का वाटत?" मी म्हणालो, "गावासाठीच आहे." त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि पान उलटलं.

चित्रं रशीदभाईंची. रशीदभाई धाडचे, धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांची नावं, ट्रॉलीच्या मागचे मोर, पतसंस्थांची बोधवाक्यं, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि एका वर्षात त्यांचे ब्रश वाळले. घरची थोडी शेती होती, तिच्यात ते परत गेले होते. तिथून त्यांना कुणीतरी आमच्याकडे पाठवलं. त्यांनी कधी कार्टून पाहिलं नव्हतं. म्हणूनच बहुधा त्यांचं कार्टून वेगळं झालं.

बुलढाण्यात एक खोली भाड्यानं घेतली होती. वर कॅमेरा टांगलेला, खाली टेबल, टेबलावर पुठ्ठ्याच्या कापलेल्या बाहुल्या. बाहुलीचा हात तिळाएवढा सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा तिळाएवढा सरकवायचा. पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंखा लावला की शेतकऱ्याचं डोकं उडून खिडकीखाली जायचं. त्या मे महिन्यात आम्ही बंद खोलीत घामानं निथळत बसायचो आणि रशीदभाई नाकावरचा घाम बाहुलीवर पडू नये म्हणून मान वाकडी करून काम करायचे. खोलीभर पुठ्ठ्याचा, डिंकाचा आणि गुळाच्या चहाचा वास. तो वास मला अजून अधूनमधून येतो, कुठून येतो कळत नाही.

नायिका होती गुलाबबाई. गुलाबी बोंडअळी. रशीदभाई तिच्यासाठी मलकापूरला गेले, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाजवळ दिवसभर उकिडवे बसले आणि डबीतून चार जिवंत अळ्या घेऊन आले. त्या कशा चालतात, कुठं थांबतात, मान कशी उचलतात, हे त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. मग तिला नथ घातली, नऊवारी नेसवली आणि अकरा वळ्या दिल्या. प्रत्येक वळी वेगळी हलायची.

पहिल्या भागात गुलाबबाई तोऱ्यात पऱ्हाटीवर येते, "काय बाई हे बोंड, माह्याचसाठी ठेवलं वाटते," म्हणते, घास घेते आणि तिच्या पोटात कळ येते. मग ती मरते. मरायला तिला पूर्ण दोन मिनिटं लागतात. नथ कुणाला, पाटल्या कुणाला, सगळं वाटून होतं. मरता मरता ती दोनदा उठून बसते आणि वाटणी बदलते. हा विनोद माझा. मला त्याचा अभिमान होता. आता त्याकडे पाहताना, स्वतःच्या लग्नातला फेट्यातला फोटो पाहताना होतं तसं काहीतरी होतं.

सहावा भाग होता गुलाबबाईच्या माहेराचा. बीटीच्या पाकिटासोबत तेव्हा साध्या सरकीची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या काठानं पाच ओळींत लावायची. कशासाठी, तर बीटीच्या शेतातही एखादी चिवट अळी वाचते. तिचं पाखरू होतं. त्याला जोडीदार तसाच चिवट मिळाला तर पुढचं सगळं घराणं चिवट निपजतं. काठाला साधी पऱ्हाटी असली तर तिच्यावर साध्या अळ्या वाढतात, त्यांची पाखरं आत येतात, लग्नं जुळतात, आणि पोरं पुन्हा साधी होतात, बीटीला मरणारी. म्हणजे अळी आटोक्यात ठेवायची असेल तर ती थोडी जगू द्यायची. एवढंच शास्त्र. पण ते सांगणारा आठ मिनिटांचा भाग रशीदभाईंनी असा काढला होता की पाच ओळींतून वारा जाताना कडेची पानं आधी हलायची आणि आतली मागून. शेवटी एक शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून त्या पाच ओळींतली किडकी बोंडं पाहत राहतो. पंप शेजारी असतो, पण तो उचलत नाही. संवाद एकही नाही. तिथं लिहायला मला काही सुचलं नव्हतं, आणि ते बरंच झालं होतं.

वर्षभरात दहाही भाग तयार झाले. योजना अशी होती की प्रत्येक गावात चार फेऱ्या आणि चार फेऱ्यांत दहा भाग. प्रत्यक्षात गाडी एक, गावं पुष्कळ आणि सत्कार त्याहून जास्त. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ आणि चार मनोगतं झाल्यावर कार्टूनला दहा मिनिटं उरतात. सत्कार कमी करावेत असं कुणाच्याच मनात आलं नाही. भाग कमी करावेत असं सर्वांना एकदम सुचलं. तेव्हा प्रश्न उभा राहिला: नवख्या माणसाला एकच भाग दाखवायचा तर कोणता?

चाचणी सुलतानपूरला घेतली. शाळेची खोली, खिडक्यांना ताडपत्र्या. आधी पहिला भाग लावला. शिट्ट्या, टाळ्या, एक म्हातारी हसता हसता भिंतीला टेकली. मग सहावा लावला. तीन मिनिटांत शांतता, आणि संपता संपता मागून एक म्हातारा उठला.

"थांबा बे, थांबा. म्हंजे मी अळीसाठी पेरू? तिले पोसू?"

"तुह्या घरी पावने नाई येत का?" दुसरा म्हणाला.

"पावना दोन दिसांनी जाते ना बे! हे तं हंगामभर बसीन!"

"तुहा जावई नाई बसत का हंगामभर?"

हशा पिकला, पण म्हातारा काही बसेना. पाच ओळींत झाडं किती जातील, बाजूच्यानं नाही लावली तर काय, ओळींऐवजी तूर लावली तर चालेल का, असं चांगलं अर्धा-पाऊण तास चाललं. दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावली. टाळी एकही वाजली नाही. बाहेर येताना रशीदभाईंचा चेहरा मात्र फुलला होता.

"सर, पायलं? भांडून राह्यले. म्हंजे समजलं त्याईले."

गाडीत साहेब म्हणाले, "पहिलाच ठेवू. नवख्याला आधी खेचायचं असतं. गोडी लागली की बाकीचे भाग ते स्वतः मागतील." मी मान डोलावली. मलाही हेच पटत होतं, कारण मी मास्तर होतो. वर्गात पहिल्या दिवशी आम्ही सोपी कविता घेतो, मुलं माना हलवतात आणि आयुष्यभर कविता म्हणजे मान हलवायची गोष्ट असं समजतात. मुलगी दाखवायच्या दिवशी पोहे करतात ते असेच. पुढं चाळीस वर्षं भाकरी खायची आहे, पण ओळख पोह्यांनी. बाहेरचा पाहुणा आला की त्याला लोणारचं सरोवर दाखवतो, आणि तो जिल्हा पाहून झाला म्हणून परत जातो. टाळी वाजवणारा माणूस घरी जातो, भांडणारा थांबतो. हे वाक्य मला आज सुचलं, याचा त्या वर्षी कुणालाही उपयोग झाला नाही.

धाडच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रशीदभाई चहाच्या टपरीवर माझ्याजवळ येऊन बसले. एरवी ते काही मागत नसत.

"सर, उद्या आमच्या गावात सहावा लावा."

"का हो?"

"काऊन म्हंजे? मले तिथं राहाचं हाय. माह्या वावराले लागून शेषरावचं वावर हाय, त्याच्या पलीकून सारी पऱ्हाटीच पऱ्हाटी. मी लावीन पाच ओळी. पन पाखरू का सातबारा पाहून उडते? त्याईनं बी लावल्या तं काम होते. एकट्याच्यानं काई होत नाई."

"तुम्हीच सांगा ना त्यांना समजावून."

"माहं कोन ऐकते? मी पाट्या रंगवनारा मानूस. भिंतीवर दिसलं का ऐकतील."

मी बघू म्हणालो. आपल्याकडे 'बघू' या शब्दात नकार असतो, हे दोघांनाही ठाऊक असतं आणि दोघंही चहा संपवतात.

धाडला बाजाराचा दिवस होता, म्हणून गर्दी जास्त. एसटीतून आणि जीपमधून आसपासच्या खेड्यांतलेही उतरलेले. साहेब स्वतः आले होते, फोटोग्राफर आला होता. पत्र्याची खोली, मे महिना, आणि पाहुण्यांच्या खांद्यांवर लोकरी शाली. शालीची गरज जगात कुठं सर्वांत कमी असेल तर ती त्या दिवशी त्या खोलीत होती. प्रत्येक पाहुणा बोलायला उठला की शेतकऱ्याचाच मुलगा निघायचा. एवढे शेतकऱ्याचे मुलगे खुर्च्यांवर, आणि शेतकरी सतरंजीवर. मग साहेबांनी घड्याळाकडे पाहून माझ्याकडे एक बोट वर केलं. एकच भाग.

ताडपत्री वाऱ्यानं सुटली होती, ती रशीदभाई दोन्ही हातांनी खिडकीशी दाबून धरून उभे होते. तिथून ते माझ्याकडे पाहत होते. हात मोकळे नव्हते, म्हणून खूण करता येत नव्हती. त्याची गरजही नव्हती. दोन्ही तबकड्या माझ्यासमोर होत्या. मी सुलतानपूरची शांतता आठवली, फोटोग्राफर पाहिला, साहेब पाहिले आणि पहिला भाग लावला.

गुलाबबाई मेली. खोली डोक्यावर घेतली लोकांनी. ती दुसऱ्यांदा उठून बसली तेव्हा शेषराव, तोच रशीदभाईंच्या शेजारचा, मांडीवर थापा मारत ओरडला, "मर बे एकडाव!" बाहेर पडताना तो डोळे पुसत सगळ्यांना सांगत होता, "अळी खलास! आता काई भ्याव नाई."

सामान गाडीत भरताना मी रशीदभाईंना म्हणालो, "दुसऱ्या फेरीत सहावा लावू. आज पाहुणे होते, आणि तो भाग जरा संथ आहे हो."

"हाव," ते म्हणाले, आणि प्रोजेक्टरची पेटी उचलली.

दुसरी फेरी झाली नाही. मालिकेला दिल्लीत एक ढाल मिळाली. संस्था मग हात कसे धुवावेत या विषयाकडे वळली.

श्रावणात एकदा धाडला गेलो. पऱ्हाटी गुडघ्याला आली होती. शेषरावला विचारलं, ती लहान पुडी कुठं लावली. त्यानं कौतुकानं दाखवलं. वावरात जिथं जिथं बी उगवलं नव्हतं, तिथं तिथं त्यानं साधी सरकी टोकली होती. नांगे भरले होते, काठाला एकही ओळ नव्हती. सगळ्या शिवारात तेच. कुणी पुडी फेकली नव्हती, कुणी आळस केला नव्हता. वावरात रिकामी जागा दिसली की आमच्या माणसाला ती बोळक्या तोंडासारखी वाटते, आणि हातात बी असेल तर तो ती ठेवूच शकत नाही. "बी फेकाचं का सर?" शेषराव म्हणाला. मूर्खपणानं झालेल्या चुकीवर हसता येतं. ही काटकसरीनं, नीटनेटकेपणानं झालेली चूक होती, आणि ती सुधारायला आठ मिनिटं पुरली असती.

रशीदभाईंच्या काठाला मात्र पाच ओळी होत्या, सुतात आखल्यासारख्या. पुढं दर वर्षी असायच्या. गावानं त्यांना 'अळीचं माहेर' नाव पाडलं होतं. बाजारात भेटले की कुणीतरी विचारायचं, "रशीदभाई, लेकी आल्या का माहेरले?" ते म्हणायचे, "आल्या. तुलेच इचारत व्हत्या." त्या काही वर्षांत सगळ्यांना भरपूर पिकलं. पहिल्या वेचणीला बाया पाच खडे मांडून त्यांना दहीभात दाखवायच्या, सीतादही करायच्या, आणि नजर जाईल तिथपर्यंत पांढरं असायचं. बरोबर असलेला एकटा माणूस त्या पांढऱ्यात वेड्यासारखा दिसायचा.

मग ते वर्ष आलं. फुलं उमललीच नाहीत. पाकळ्या आतून शिवल्यासारख्या मिटून राहिल्या. अशा कळीला डोमकळी म्हणतात. ती उकलली की आत गुलाबी अळी. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत कवडी, म्हणजे पिवळट, चिकटलेला कापूस. बीटी खाऊन ती अळी धडधाकट होती. घराणं चिवट झालं होतं. कार्तिकात लोकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. पाहणीला गाड्या आल्या, पाहुण्यांनी बांधावर उभं राहून हातात बोंड धरून फोटो काढले. माझ्या माहितीप्रमाणे त्यातलाही प्रत्येक जण शेतकऱ्याचाच मुलगा होता. आता म्हणे ती वेगळी पुडी राहिलीच नाही, साधं बी पाकिटात आतच मिसळून येतं. कुणाला काही समजावण्याची गरजच संपवली, हा एक उपाय झाला.

मी गेलो तेव्हा रशीदभाई आणि त्यांची बायको पऱ्हाटी उपटत होते. वावर सगळं सारखंच गेलं होतं, पाच ओळींसकट. शेषराव धुऱ्यावर आला, एक बोंड फोडून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाला, "वळखलं का सर? गुलाबबाई!" आणि हसला. खरंच हसला. बाजूच्या वावरातला माणूसही हसला. सगळ्या शिवारात त्या किड्याचं दुसरं नाव कुणाला माहीत नव्हतं. इतकी पक्की ओळख करून दिली होती मी.

शेषराव गेल्यावर रशीदभाई उपटलेल्या ढिगावर टेकले. पाणी प्यायले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सर, एक इचारू? तवा तुमाले खरंच वाटलं व्हतं का, दुसरी फेरी व्हईन म्हनून?"

मी उत्तरं रचण्यात वाकबगार आहे, पोटापाण्यासाठी तेच केलं आहे. पण त्या उन्हात, त्या वाळलेल्या ढिगासमोर, रचता आलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "नव्हतं वाटलं. साहेबांसमोर टाळ्या हव्या होत्या."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता. सुटल्यासारखे दिसले.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "मले इतके वर्स वाटे, मीच खराब काढला तो भाग."

तो भाग त्यांनी काढलेला सगळ्यांत चांगला भाग होता, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. ते "हाव" म्हणाले, उठले आणि पुढच्या ओळीला लागले.